शाळेच्या दारातला रस्ता: किनारपट्टीच्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

मी मालवण-देवगड पट्ट्यातल्या एका मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते. शाळेच्या फाटकाबाहेर लगेच डांबर, डांबराला लागून गटार आणि पलीकडे जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. त्या तीस पावलांच्या रस्त्यासाठी आम्ही जी खटपट केली ती ऐकून शेजारच्या गावांतले पालक विचारायला लागले. सारखे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आमच्या गावात गाड्या त्या किती! एवढी काळजी कशाला?

गाड्या कमी असतात, हीच तर अडचण आहे. शहरात कोंडीमुळे का होईना, गाडी हळू चालते. आपल्याकडे वळणाच्या पलीकडे कोणी नसणार असं धरूनच ड्रायव्हर येतो. शिवाय आपली वाहतूक वर्षभर सारखी नसते. डिसेंबर-जानेवारीत पर्यटकांच्या मोठ्या गाड्या येतात. त्यांना रस्ता माहीत नसतो आणि अर्धं लक्ष फोनवरच्या नकाशात असतं. फेब्रुवारीपासून आंब्याचे पिकअप सुरू होतात आणि त्यांना पेट्या वेळेत पोचवायच्या असतात. चिऱ्यांचे डंपर पावसाळा सोडला तर कायम. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीच्या रस्त्यावर शाळा असेल तर अर्धा तास शुकशुकाट आणि मग बोट लागली की एकदम पंधरा-वीस गाड्यांची रांग. शुकशुकाटाला सरावलेली मुलं नेमकी तेव्हा सापडतात.

गाड्या जोरात जातात हे सगळ्यांना दिसतं. पण साहेबांना पटवायचं कसं?

“गाड्या भरधाव जातात” असं अर्जात लिहिलं की त्यावर “पाहणी करण्यात येईल” असा शेरा पडतो. आकडा लिहिला की फाइल थोडी तरी हलते. आकडा काढायला यंत्र लागत नाही.

मोजपट्टीने रस्त्याच्या कडेला ५० मीटर मोजा. दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढा, किंवा कडेच्या माडाला चुन्याचा पट्टा मारा. एक जण पहिल्या खुणेपाशी उभा राहील आणि गाडी आली की हात खाली करील. दुसरा दुसऱ्या खुणेपाशी फोनवरचं घड्याळ चालू-बंद करील. १८० ला सेकंदांनी भागा, ताशी वेग मिळतो. सहा सेकंद लागले तर ३०. साडेचार लागले तर ४०. तीन सेकंदांत गाडी गेली तर ६०.

आम्ही हे एका मंगळवारी, शाळा भरायच्या आधी पाऊण तास केलं. सातवीच्या मुलांनी नोंदी धरल्या. एक गंमत लगेच कळली. हात खाली करणारा माणूस रस्त्यावरून दिसला की ड्रायव्हर आपोआप वेग कमी करतात, त्यांना पोलीस वाटतो. म्हणून आमचा मोजणारा शेवटी फणसाच्या बुंध्याआड उभा राहिला. वहीचं ते पान झेरॉक्स करून अर्जाला जोडलं. त्यावर मुलांच्या अक्षरात “पांढरी गाडी, ३.१ से., हॉर्न वाजवला” असं लिहिलेलं होतं. दहा ओळींच्या निवेदनाने झालं नसतं ते काम त्या पानाने केलं.

सगळे ताशी ३० चा आग्रह का धरतात? ५० चालणार नाही?

ड्रायव्हरला मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात ३० च्या वेगाची गाडी सुमारे ८ मीटर पुढे येते आणि पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. झाले १३ मीटर. ५० च्या वेगाची गाडी त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे दुसरीचा ब्रेकसुद्धा लागलेला नसतो, पुरा ५० चा वेग तसाच असतो. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा. पावसात ५० च्या गाडीला थांबायला ३५ ते ४० मीटर लागतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असतोच कधी?

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक मंत्री परिषदेत, जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० चीच मर्यादा असावी असं ठरलं.

वेगमर्यादा कमी करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली सक्षम अधिकाऱ्याची अधिसूचना लागते. ग्रामसभेच्या ठरावाने वेगमर्यादा लागू होत नाही. ठराव हे फक्त मागणीचं पत्र.

अर्ज द्यायचा कोणाला? प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्यमार्ग, तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. प्रमुख जिल्हा मार्गही बांधकाम विभागाचाच, पण इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. गाव नगरपंचायतीत असेल तर आतले रस्ते तिचे. दगडच नसेल किंवा रंग उडाला असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, “सदर रस्ता कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे?” एवढा एकच प्रश्न. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि नंतर कोणाला बोट दुसरीकडे दाखवता येत नाही.

अर्जाची एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्याच. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एका टेबलाशी बसतात. सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी ओरोसला खेटे घालावे लागतात. एक खेप म्हणजे एक दिवस, हे धरूनच चला.

गतिरोधक घालून घेतला की झालं ना?

आपल्याकडे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी रात्री एक टेंगूळ उगवतं. हातभर रुंद, वीतभर उंच, रंग नाही, फलक नाही. त्यावरून दुचाकीवरची मागची बाई उडते आणि आठवड्यात कोणीतरी बाजूच्या साइडपट्टीवरून वाट काढतो, म्हणजे नेमका मुलं चालतात तिथूनच.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ च्या आसपास गेलात तर धक्का बसत नाही, जोरात गेलात तर बसतो. म्हणजे शिक्षा फक्त जोरात जाणाऱ्याला. आधी फलक हवा आणि पाठीवर पांढरे पट्टे हवेत.

त्याहून चांगला उपाय म्हणजे उंचावलेली ओलांडणी. गतिरोधकाचाच माथा सपाट आणि रुंद करून त्यावर झेब्रा पट्टे मारायचे. पण इथे कोकणाची एक अट आहे, पाण्याची. गटार बुजवून ओलांडणी बांधली तर पहिल्याच पावसात वरच्या अंगाला तळं होतं आणि श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरतं. दोन्ही कडांना पाणी जायला फट किंवा खालून पाइप आराखड्यातच मागून घ्या. इंजिनिअर होय म्हणेल, पण ठेकेदार विसरेल, तेव्हा काम चालू असताना तिथे एक माणूस उभा ठेवा. आणि तीव्र उतारावर किंवा वळणाच्या पोटात गतिरोधक मागू नका. तिथे तो वाचवण्याऐवजी पाडतो.

आमची शाळा थेट मुंबई-गोवा महामार्गावर आहे. तिथे काय?

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागू नका, मिळणार नाही. २०१६ मध्ये केंद्राने तिथले गतिरोधक काढायलाच सांगितले. तिथे मागायचं ते भुयारी मार्ग, सेवा रस्ता, रंबल पट्ट्या (चाकाखाली खडखडणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि दुभाजकाला जाळी. पादचारी पूल मिळतो, पण दप्तर घेऊन साठ पायऱ्या चढण्यापेक्षा मुलं दुभाजकावरून उडी मारतात. म्हणून भुयारी मार्गच, आणि तोही पाणी न साचणारा. महामार्गावरच्या तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

फुटपाथला जागा कुठे आहे? एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार.

मानक सांगतं की पायवाट किमान १.८ मीटर मोकळी हवी. आपल्या वाड्यांतल्या रस्त्यावर ती काढायची तर कोणाची तरी पोफळीची बाग कापावी लागेल. ते होत नाही आणि होऊही नये. पण तीन गोष्टी होतात.

पहिली, गटारावर लाद्या. उघडं गटार म्हणजे वाया गेलेली पायवाट. शाळेच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर जरी काँक्रीटच्या लाद्या टाकल्या तरी मुलं डांबरावरून खाली येतात. साफसफाईसाठी मधल्या लाद्या उचलता येतील अशा हव्यात.

दुसरी, पाखाडी. बऱ्याच गावांत वाडीतून शाळेत जायला जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी वाट असतेच. रस्ता झाला, गाड्या आल्या आणि पाखाडीवर घाणेरी माजली. ती साफ करणं, निखळलेले चिरे बसवणं, साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, कठडा लावणं याला ग्रामपंचायतीचा निधी पुरतो. आमच्याकडची निम्मी मुलं आता रस्त्यावर येतच नाहीत. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं, आणि याचा फोटो कोणी पेपरात छापत नाही.

तिसरी, वळणावरचा गडगा. आमच्या फाटकाच्या डावीकडे वळण आणि वळणाच्या पोटात पुरुषभर उंच गडगा. येणारी गाडी मुलांना दिसत नाही आणि मुलं गाडीला. मालक आजोबांकडे गेलो तर ते म्हणाले, “ह्यो गडगो माझ्या बापाशीन घातलेलो. रस्तो मागसून इलो.” खरंच होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना चहाला शाळेत बोलावलं आणि फाटकापाशी, पहिलीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, बुटक्या स्टुलावर बसवलं. त्यांच्याच नातवाला वळणापलीकडून सायकलवर यायला सांगितलं होतं. घंटी ऐकू आली, पण नातू दिसला तो पाच पावलांवर आल्यावर. आजोबा काही बोलले नाहीत. आठवड्याने गडी लावून त्यांनी वरचे तीन थर उतरवले, सहा मीटरपर्यंत. गडगा तोडला नाही, फक्त बुटका केला. उतरवलेल्या चिऱ्यांचा त्यांनी विहिरीपाशी कट्टा बांधला.

चालताना कुठल्या बाजूने चालायचं?

पायवाट नसेल तर उजवीकडून, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. फक्त उजवीकडे आंधळं वळण आलं की आधीच पलीकडे जायचं आणि वळण संपल्यावर परत यायचं. सायकल मात्र गाड्यांसारखी डावीकडूनच.

पावसाळ्यात वेगळं काय बघायचं?

बहुतेक सगळंच. छत्री पुढे धरली की मुलाला समोरचं दिसत नाही, आणि आपल्या पावसात छत्री पुढेच धरावी लागते. लहानांना रेनकोट द्या, तोही पिवळा किंवा नारिंगी. काळी छत्री आणि निळा रेनकोट आषाढातल्या अंधारात रस्त्याच्याच रंगाचे होतात. रेनकोटची टोपी बाजूचं झाकते, तेव्हा नुसती मान नको, अख्खं अंग वळवून बघायला शिकवा.

साइडपट्टी वाहून गेली की डांबराची कड वीतभर उंच राहते आणि सायकलचं चाक तिथे घसरतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याआधी मे महिन्यात ही कड भरून घ्या. वाढलेली झुडपं मात्र जुलैत पुन्हा छाटावी लागतात, एकदा छाटून भागत नाही. व्हाळाला (ओढ्याला) पूर असेल आणि साकवावरून पाणी जात असेल तर शाळा बुडवायची, यावर चर्चा नको.

सायकलवर पाठवावं का? उतार फार आहेत.

पाठवा. पण सायकल मुलाच्या मापाची घ्या. “पुढे वाढेल” म्हणून घेतलेल्या सायकलवर पाय जमिनीला टेकत नाहीत आणि उतारावर तेच नडतं. रिम ओली झाली की ब्रेक उशिरा धरतो, म्हणून ओल्या उतारावर आधीपासून थोडा थोडा दाबत यायचं, आणि घाटीचा उतार असेल तर सरळ उतरून चालायचं. यात कमीपणा नाही. खाऱ्या हवेने ब्रेकची तार दोन पावसाळ्यांत आतून गंजते. बाहेरून ठीक दिसते आणि नेमकी नको तेव्हा तुटते. दर मे महिन्यात बदलली तर खर्च फारसा नाही. दप्तर हँडलला अडकवायचं नाही, कॅरियरला बांधायचं. एका हातात छत्री धरून सायकल चालवणं आपल्याकडे कौतुकाने बघितलं जातं. ते थांबवा.

फाटकाशी सकाळी गर्दी होते, ती कोण आवरणार?

ही गर्दी बाहेरच्यांची नसते, आपलीच असते. मूल उतरवून तिथल्या तिथे स्कूटर वळवणारे बाबा, चारचाकी उलटी घेणारे काका. रिव्हर्स घेताना मागे पहिलीचं पोर दिसतच नाही. आम्ही फाटकापासून दीडशे पावलांवर, देवळाच्या आवारात उतरवायची जागा ठरवली. तिथून मुलं चालत येतात. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, एक पालक तर माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. दोन आया आळीपाळीने उभ्या राहायच्या. आता कोणाला उभं राहावं लागत नाही.

मुलगा नववीत आहे, स्कूटर छान चालवतो. गावातल्या गावात दिली तर?

नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीच्या आतल्या बिनगिअर गाडीला, आणि बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या. त्यांना १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. तो शाळेच्या फाटकातून पाचवीच्या मुलांमधून गाडी काढतो, हे कलमांच्याही आधी सांगायला हवं.

मुलांना नियम नीट शिकवले तर रस्ता बदलायची गरज काय?

शिकवायचंच. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. ते त्याच्या वयाचं आहे, खोडीचं नव्हे. चेंडू घरंगळला की पाठ केलेला नियम जागेवर राहतो. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर चारशेहून अधिक मुलं गेली. तिथल्या आईबापांनी रस्त्यावर उतरून मागणी केली ती रस्ते बदलण्याची. आज तिथली मुलं सायकलने शाळेत जातात त्यामागे तो धडा आहे. आपल्याकडे अजून “पोरांनी बघून चालायला हवं” हेच वाक्य पहिलं येतं. ते मला ऐकवत नाही.

मुलांना एकत्र चालत नेण्याची काही पद्धत आहे का?

आपल्या वाड्यांत ती होतीच. वरच्या वाडीतली मुलं हाक मारत खाली यायची आणि घराघरातून रांग वाढत जायची. आता तीच ठरवून करायची. पुढे एक मोठी व्यक्ती, मागे एक, मध्ये मुलं, आणि प्रत्येक घराची वेळ ठरलेली. काजूच्या हंगामात आयांना सकाळी वेळ नसतो. तेव्हा आज्या उपयोगी पडतात आणि त्यांच्यापुढे ड्रायव्हरही जरा वचकून असतात.

मुलं रिक्षा नाहीतर व्हॅनने येतात. त्यावर लक्ष कोणाचं?

२०११ च्या राज्याच्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालक, पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी. कागदावर ती असतेच. शेवटची बैठक कधी झाली एवढं विचारा.

अर्जात नेमकं काय लिहायचं?

एक पान. रस्त्याचं नाव, शाळेची पटसंख्या, पायी आणि सायकलने येणारी मुलं किती, मोजलेले वेग, दोन फोटो. मागण्या तीनच, दहा नकोत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात ७५ टक्के सदस्य पालकच असतात, त्यामुळे त्या ठरावाला वजन असतं. मग ग्रामसभेचा ठराव. शेवटी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चा नम्र उल्लेख करा. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न ठेवल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. आमचा पहिला अर्ज एका कचेरीत असा हरवला की तो दिलाच नव्हता असं आम्हालाच वाटायला लागलं.

वेळही साधा. डांबर आणि रंगाची कामं दसऱ्यानंतर सुरू होतात. मे महिन्यात जाऊन पट्टे मागितले तर पावसात धुऊन जातील असं सांगतात, आणि ते बरोबरच असतं.

अपघात झालाच तर?

१०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. गाडीवाल्याला मारायला धावणारे पुष्कळ असतात, मुलाची मान न हलवता धरणारा एकच लागतो.

झेब्रा पट्टे आम्हीच रंगवले तर?

सरकारी रस्त्यावर परवानगीशिवाय नको. घरातला ऑइलपेंट तर अजिबात नको, तो ओला झाला की दुचाकी त्यावरून तेलासारखी घसरते. हौस असेल तर शाळेची भिंत, फाटकाचे खांब आणि कडेच्या माडांचे बुंधे रंगवा. चुना चालतो. मृगाच्या सरींत तो जातो, मग गणपती झाले की मुलांना घेऊन पुन्हा मारायचा.